फेऱ्यांचा हिशेब

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत विषय छापलाय ‘अनोळखी सर्किटवरची शर्यत’. रविवारच्या शर्यतीकडे येणारच आहे. त्याआधी एक साधी वजाबाकी करू, कारण मोटरसायकल रेसिंगमध्ये पैशांचा हिशेब सगळे ठेवतात, फेऱ्यांचा कोणी ठेवत नाही.

वीस मिनिटांचं सराव सत्र, दोन मिनिटांची लॅप. कागदावर १० फेऱ्या. पिटच्या, म्हणजे टीम गाड्या तयार करतात त्या जागेच्या, तोंडाशी रांगेत उभं राहण्यात एक गेली. पहिली फेरी टायरवर भरवसा बसेपर्यंत गेली, शेवटची परतण्यात. उरल्या ७. शुक्रवारी अशी तीन सत्रं आणि शनिवारी क्वालिफाइंगआधी (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्राआधी) एक धरलं, तर २८. तेही सत्र थांबवणारा लाल झेंडा एकदाही फडकला नाही तर, आणि तो फडकतोच. म्हणजे ग्रिडवर, शर्यत सुटते त्या रांगेत, उभं राहण्याआधी प्रत्येक वळण तुम्हाला फार तर २८ वेळा भेटणार. स्थळ बघायला गेलेला मुलगासुद्धा याहून जास्त वेळा घरी जाऊन येतो. (हशा)

मोटोजीपी या जागतिक स्पर्धेतल्यांचंही फार वेगळं नसतं. २०२३ पासून त्यांना शुक्रवारी ४५ मिनिटं आणि मग तासभर, शनिवारी सकाळी ३० मिनिटं, की लगेच क्वालिफाइंग. त्यातही शुक्रवारच्या त्या तासाभरातच पहिले दहा जण थेट क्यू-टूमध्ये, म्हणजे क्वालिफाइंगच्या दुसऱ्या टप्प्यात, जातात, त्यामुळे शिकायला खरा वेळ आणखी कमी.

आता या २८ फेऱ्या जातात कुठे? माझं गाऱ्हाणं इथेच आहे. जातात त्या क्लिकर, म्हणजे सस्पेन्शनचे स्क्रू, फिरवण्यात. पहिल्या सत्रातून रायडर येतो, हेल्मेट काढायच्या आधीच म्हणतो, “वळणातून बाहेर पडताना गाडी बाहेरच्या कडेला फाकतेय.” मेकॅनिक बिचारा फोर्कचं (पुढच्या सस्पेन्शनचं) रिबाउंड, म्हणजे दबून परत वर येण्याचा वेग, दोन क्लिक फिरवतो. दुसऱ्या सत्रात रायडर दीड सेकंदाने वेगवान. सगळे खूश. हा दीड सेकंद क्लिकरने दिला की आधीच्या ७ फेऱ्यांनी, हे सांगायला आता कोणीच उरलेलं नाही. आणि तो बदल मात्र शर्यतीपर्यंत गाडीला चिकटून राहतो.

गाडी का फाकते, ते बघा. वळण नवीन असलं की ते पुढे किती आवळतंय ते ठाऊक नसतं. मग माणूस घाबरून लवकर वळतो. लवकर वळला की अपेक्स, म्हणजे गाडी आतल्या कडेला लागते तो बिंदू, लवकर लागतो, वळणाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच. पुढे रस्ता संपत येतो, गाडी मात्र अजून झुकलेलीच, आणि थ्रॉटल मिटावा लागतो. यात फोर्कचा काय दोष? दोन गाड्यांच्या लांबीइतकं उशिरा वळा, फाकणं आपोआप थांबतं.

शुक्रवारी फोर्कला हात लावायचाच नाही का? एका कारणासाठी लावा. फोर्कच्या नळीला एक केबल टाय बांधून ठेवा. सत्र संपल्यावर तो कुठवर सरकलाय ते बघा. अगदी तळाला जाऊन बसला असेल, तर या सर्किटचं ब्रेकिंग तुमच्या नेहमीच्या सर्किटपेक्षा जड आहे. तिथे क्लिकर काही करत नाही. तेलाची पातळी ५ मिलिमीटर वाढवली की आतली हवा कमी होते आणि शेवटचा प्रवास कडक होतो. बाकी सगळं शनिवारी.

फेऱ्या मोजण्यावरून ऑस्ट्रेलियातलं फिलिप आयलंड, मोटोजीपी २०१३. हे सांगितल्याशिवाय माझं व्याख्यान होत नाही, तेव्हा ऐकून घ्या. सर्किट सगळ्यांना पाठ असलेलं, पण शर्यतीआधी डांबर नवीन टाकलेलं. पकड जबरदस्त वाढली, तापमानही वाढलं, आणि ब्रिजस्टोनचे मागचे टायर फोड येऊन खराब व्हायला लागले. म्हणजे पाठ असलेलं सर्किट एका रात्रीत अनोळखी झालं. आयोजकांनी शर्यत १९ फेऱ्यांची केली आणि नियम काढला, की एका टायरवर १० पेक्षा जास्त फेऱ्या कोणी मारायच्या नाहीत, मध्येच पिटमध्ये येऊन दुसरी गाडी घ्यायची. १९ मधून १० वजा करा. नवव्या फेरीच्या शेवटी आत या, नाहीतर दहाव्याच्या. तिसरा पर्याय नाही.

मार्क मार्केझचा तो प्रीमियर क्लासमधला, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातला, पहिलाच मोसम, गुणतक्त्यात पहिला. दहावी फेरी संपली, तो आत आला नाही. अकरावी पूर्ण करून आला. त्याच्या टीमने नियमाचा अर्थ चुकीचा लावला होता. काळा झेंडा, शर्यतीतून बाद. त्याचा प्रतिस्पर्धी लोरेन्झो जिंकला. जगातली उत्तम गाडी, उत्तम टायर-इंजिनिअर, संगणकांची रांग, आणि चूक कुठली, तर दहापर्यंत मोजण्याची. मोसमाचं विजेतेपद शेवटी मार्केझलाच मिळालं, अवघ्या ४ गुणांनी. तेव्हा पिटमध्ये एक माणूस असा ठेवा ज्याला मोजण्याशिवाय दुसरं काम नाही.

आता सर्किट पायी बघणं. गुरुवारी संध्याकाळी सगळे चालतात, पण मोबाइलमध्ये बघत. रेसिंग लाइनवरून चाला आणि प्रत्येक ब्रेकिंगच्या जागी खाली बसा, म्हणजे डोळे गाडीवर असतात त्या उंचीवर येतील. ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याचा, व्हिडिओ चढ-उतार सपाट करतो. अमेरिकेतल्या लागुना सेका सर्किटचं कॉर्कस्क्रू वळण व्हिडिओत साधं डावं-उजवं वाटतं. प्रत्यक्षात रस्ता तिथे सुमारे १८ मीटर खाली कोसळतो, आणि कड्यावर असताना पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून तिथे रायडर समोरच्या झाडावर नजर ठेवून गाडी टाकतात.

झाड चालतं, झाडाची सावली चालत नाही. हसू नका, दर मोसमात हे घडतं. सकाळी दहाच्या सत्रात डांबरावर एक झकास काळी रेघ दिसते, रायडर तिथे ब्रेक दाबायला शिकतो. दुपारी तीनला सावली दुसरीकडे गेलेली असते आणि रायडर खडीत. मार्शलची खुर्ची, उभी केलेली रुग्णवाहिका, प्लॅस्टिकचा शंकू, यांचंही तेच. खूण डांबरातली घ्या: ठिगळाची कड, दोन पट्ट्यांमधला सांधा, कर्बचा, म्हणजे कडेच्या पट्टीचा, रंग जिथे सुरू होतो ती जागा. २००-१५०-१०० मीटरच्या पाट्या चांगल्या, पण एकट्या पाटीवर विसंबू नका. शर्यतीत पुढे चार गाड्या असल्या की पाटी झाकली जाते, डांबरातला सांधा चाकाखाली तरी येतो.

चालताना डावी-उजवी वळणंही मोजा. जर्मनीतल्या झाक्सनरिंगला १३ पैकी १० डावी आहेत. ओळीने डावीकडे झुकत आल्यावर अकराव्याला उताराचं उजवं येतं, तोवर टायरची उजवी बाजू गार पडलेली असते. तिथे कितीतरी चांगले रायडर पडलेत. अशा वळणावर पहिल्या दोन फेऱ्या धाडस नको, टायर वॉर्मर कितीही वेळ लावलेले असोत.

स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चक्रं. फोर्कच्या तेलाशिवाय शुक्रवारी बदलावी अशी ही एकच गोष्ट. पुढे १५, मागे ४५ दात असतील तर गुणोत्तर ३. मागे ४६ केले की सव्वादोन टक्क्यांचा फरक, म्हणजे २०० च्या वेगाला त्याच आरपीएमवर साधारण ४ किलोमीटर कमी. पुढचा एक दात मागच्या तीन दातांइतका, म्हणून पुढच्याला सहसा हात लावू नका. सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी आरपीएम किती ते बघून दात ठरवायचे. घोटाळा इथेच होतो. शुक्रवारी सकाळी त्या रस्त्यावर तुम्ही हळू बाहेर पडता, त्यामुळे शेवटी आरपीएम कमी दिसतो, आणि तुम्ही मागे दोन दात वाढवता. शनिवारी बाहेर पडणं सुधारतं, रविवारी पुढच्याचा स्लिपस्ट्रीम, म्हणजे त्याच्यामागचा वाऱ्याचा आडोसा, मिळतो, आणि ऐन ओव्हरटेकच्या वेळी गाडी लिमिटरवर, म्हणजे इंजिनाच्या आरपीएमच्या मर्यादेवर, डोकं आपटते. लिमिटरच्या खाली ३०० ते ५०० आरपीएम शिल्लक ठेवा.

आणखी एक. तीच चेन ठेवून मागे एक दात वाढवला की चाक ४ मिलिमीटर पुढे सरकतं, दोन वाढवले की ८. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, आखूड होतो, पुढचं चाक जास्त उचलतं, आणि रायडर येऊन सांगतो की सस्पेन्शन बिघडलंय. झाले परत क्लिकर सुरू. दात बदलले की एक्सलची जागा मोजून वहीत लिहा. चेनला दोन लिंक वाढवल्या तर चाक १६ मिलिमीटर मागे जातं, तेव्हा तो उपाय जपून.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता धावत सांगायचं.

राहिलेल्या फेऱ्या सगळ्या वळणांना सारख्या वाटून देऊ नका. ज्या वळणानंतर सर्वांत लांब सरळ रस्ता आहे, ते आधी. ८०० मीटरच्या रस्त्यावर सरासरी २०० चा वेग धरला तर साडेचौदा सेकंद लागतात. बाहेर पडताना मिळालेले २ किलोमीटर शेवटपर्यंत टिकले तर दीड दशांश सेकंद. हवा त्यातलं थोडं खाते, तरी दशांशभर हातात राहतो, दर फेरीला. पाच मीटर उशिरा ब्रेक मारूनही तेवढंच मिळतं, पण अनोळखी वळणावर त्यात अपेक्स चुकतो आणि मिळालेलं व्याजासकट परत जातं.

पेट्रोल. सरावात अर्धी टाकी, शर्यतीत भरलेली. १५ लिटर म्हणजे ११ किलो. पहिल्या तीन फेऱ्या ब्रेक थोडा आधी, आणि शनिवारी एक सत्र मुद्दाम भरल्या टाकीने काढा. स्लिपस्ट्रीममध्ये अंगावर वारा कमी येतो, गाडी कमी मंदावते, तिथेही नेहमीची खूण उशिराची ठरते.

स्टार्टचा सराव सर्किटवर जिथे परवानगी असेल तिथेच, नाहीतर दंड. ग्रिडवरची आपली जागा चालत जाऊन बघा, चाकाखाली रंगाचा पट्टा येत असेल तर वीतभर बाजूला उभं राहा, पण आपल्या चौकटीतच.

शेवटचं, पिट बोर्ड, म्हणजे जाणाऱ्या रायडरला दाखवायची पाटी. बोर्ड धरणारा भिंतीवर कुठे उभा राहणार ते शुक्रवारीच ठरवा आणि तीन दिवस त्याला तिथून हलू देऊ नका. ब्रेकिंगच्या जागेजवळ नको, तिथे रायडर बघणार नाही. पाचवा गिअर पडून गाडी सरळ झालेली असते, ती जागा घ्या. बोर्डावर वर उरलेल्या फेऱ्या, खाली मागच्याशी अंतर, बाकी काही लिहू नका.