गडी आणि बाई: तळपायावर दाब कुणाच्या जास्त?

राम राम मंडळी! आज चप्पल काढूनच बसा.

(ओला पाय फरशीवर टेकवत) हे बघा. टाच उमटली, चवडा उमटला, बोटं उमटली. मधली कमान कोरडीच राहिली. म्हणजे सगळा भार एवढ्याशा जागेवर.

आपल्याकडे वाटतं, गडी वजनाला भारी, तर दाबही त्याच्याच तळपायावर जास्त. हिशेब करू. दाब म्हणजे वजन भागिले टेकलेली जागा. 70 किलोचा गडी एका पायावर उभा, जागा धरा 140 चौरस सेंटीमीटर. 50 किलोची बाई, जागा 100. दोघांचं उत्तर एकच, चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो! आकडे सोयीचे घेतलेत, पण मुद्दा खरा आहे: वजनाबरोबर पंजाही मोठा असतो.

आता चोपडा, शिरपूरकडच्या कापसाच्या शेतात चला. वेचणी झाली, बाईच्या डोक्यावर 20 किलोचं गाठोडं. भार झाला 70, पंजा मात्र तिचाच. अर्ध्या किलोचा दाब पाऊण किलोच्या जवळ गेला. वर काळ्या मातीची ढेकळं, पायात झिजलेली स्लीपर. संध्याकाळी ती म्हणते, "टाच दुखस व माय", आणि घरातले म्हणतात, वय झालं!

गरोदरपण तर कुणी हिशेबातच धरत नाही. वजन वाढतं, सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैलावतात, कमान थोडी बसते. काहींचा पाय बाळंतपणानंतरही लांबच राहतो. जुनी चप्पल चावते ती उगाच नाही.

लग्नसराईतल्या उंच टाचांबद्दल काय बोलू! टाच वर गेली की भार चवड्यावर येतो, आणि पुढून निमुळती असेल तर अंगठाही आत दाबला जातो. दुकानात बायकांची चप्पल म्हणून पुष्कळदा पुरुषांचाच साचा लहान करून मिळतो. बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, म्हणून मागे ढिली, पुढे घट्ट.

तेव्हा खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून पाय आखून न्या आणि चप्पल त्या रेघेवर ठेवून बघा.

एक मात्र गडी-बाई दोघांनाही. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाताय आणि शुगर आहे? अनवाणी चालू नका. तळवा बधिर असेल तर फोड आलेला कळतच नाही. मुक्कामाला रोज तळवा आरशात बघा, जखम दिसली की थेट डॉक्टरकडे.