कर्तारपूरचा कागद

(दृश्य: हातातला कागद, अगदी जवळून)

साधा प्रिंटआउट आहे. घडीवर मऊ पडलेला. नांदेडहून आलेल्या या आजींनी तो पासपोर्टात आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय. इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी. इथे सगळे 'ईटीए'च म्हणतात. व्हिसा नाही. पासपोर्ट आणि हा कागद एवढ्यावर पाकिस्तानात जायचं, आणि त्याच दिवशी परत यायचं.

(दृश्य: बांध, दुर्बीण)

पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातलं डेरा बाबा नानक. संत नामदेवांचं घुमान याच जिल्ह्यात, त्यामुळे मराठी माणूस इथे अगदीच परका नाही. या बांधावरून लोक वर्षानुवर्षं दुर्बिणीला डोळा लावून पलीकडच्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याचा पांढरा घुमट बघायचे. अंतर साधारण साडेचार किलोमीटर. गुरू नानकांनी शेवटची अठरा वर्षं तिथे काढली, 1539 मध्ये तिथेच देह ठेवला. आणि दर्शन काचेतून!

24 ऑक्टोबर 2019 ला दोन्ही देशांत करार झाला, 9 नोव्हेंबरला मार्ग खुला झाला. दिवसाला पाच हजार यात्रेकरू, धर्म कुठलाही चालेल.

(दृश्य: नात मोबाइलवर अर्ज दाखवते)

अर्ज नातीने भरला. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जायचं, तारीख निवडायची, फोटो आणि पासपोर्टची पानं चढवायची. मग पडताळणी. करारानुसार भारत दहा दिवस आधी यादी पाठवतो, पाकिस्तानचं उत्तर चार दिवस आधी येतं. म्हणजे रेल्वेचं तिकीट आधी काढायचं आणि परवानगीची वाट नंतर बघायची. नांदेडहून येणाऱ्याने करायचं काय? आजींच्या घरी त्या चार दिवसांत मोबाइल कुणी खाली ठेवला नाही.

(दृश्य: टर्मिनल)

पिशवी काट्यावर. सात किलोच्या वर नाही, पिण्याचं पाणी त्यातच. रोख अकरा हजारांपर्यंत. आणि हे बघा, आजी 'आ' करून उभ्या आहेत. पोलिओचे दोन थेंब! नात हसतेय, पण पुढचा नंबर तिचाच.

पलीकडे माणशी 20 डॉलर भरावे लागतात. भारताने हरकत घेतली होती, पाकिस्तानने शुल्क सोडलं नाही. देवाच्या दारात डॉलर मोजायचे, हे आम्हाला आजही खटकतं.

(दृश्य: मोबाइलवरचं हलतं चित्रण)

आमचा कॅमेरा झीरो पॉइंटला, म्हणजे सीमारेषेवर, थांबला. पुढचे तुकडे नातीने मोबाइलवर घेतलेत. शेतं. जुनी विहीर. आत समाधी आणि अंगणात मजार, दोन्ही नानकांचीच. हिंदूंनी एक मानली, मुसलमानांनी दुसरी. लंगरची पंगत.

(दृश्य: परतीची रांग)

हे चित्रण झालं तेव्हा मार्ग चालू होता. कोविडमध्ये 16 मार्च 2020 पासून वीस महिने बंद राहिला. 7 मे 2025 ला भारताने तो पुन्हा बंद केला.

(दृश्य: पुन्हा कागद)

आजी कागदाची घडी घालतात, पिशवीत ठेवतात. पुढच्या खेपेला लागेल, म्हणतात. दर वेळी नवा काढावा लागतो, हे नातीने त्यांना दोनदा सांगून झालंय.