उशिरा निघणारा मिडफिल्डर : टिम केहिल

लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड, १९ जानेवारी २००९. लिव्हरपूल एका गोलने पुढे, सामन्याचं ८७ वं मिनिट. एव्हर्टनला फ्री-किक मिळाली आहे आणि चेंडूमागे मिकेल आर्तेता उभा आहे. पेनल्टी एरियातल्या गर्दीत १७ नंबरची जर्सी शोधा. उंची १७८ सेंटिमीटर, म्हणजे आसपासच्या बहुतेक सेंटर-बॅकपेक्षा, म्हणजे मधल्या बचावपटूंपेक्षा, चांगला चार बोटं कमी. चेंडू आत येतो, पहिलं कपाळ त्याचंच लागतं. १-१.

ऑस्ट्रेलियाच्या टिम केहिलने एव्हर्टनसाठी लीगमध्ये ५६ गोल केले आणि त्यातले बरेच असे, डोक्याने. ‘उडी जबरदस्त होती’ असं म्हणून हा विषय संपवला जातो. उडी होतीच. पण खरी मेख उडीआधीच्या तीन-चार पावलांत आहे.

तो थांबतो कुठे, ते पाहा. गोलच्या तोंडाशी कधीच नाही. गोलरेषेपासून ११ मीटरवर पेनल्टी स्पॉट असतो. त्याच्या आसपास किंवा जरा मागे, बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्याशी. तिथे उभ्या असलेल्या माणसावर नजर ठेवायची तर चेंडूवरची नजर काढावी लागते, आणि क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू, येत असताना ते कुणाला परवडत नाही. क्रॉस देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला की केहिल निघतो. त्याच्या आधी नाही. धावत येऊन एका पायावर घेतलेली उडी जागच्या जागी दोन्ही पायांवर घेतलेल्या उडीपेक्षा बरीच वर जाते. बचावपटू जागेवर उभा असतो, केहिल वेगात असतो. चार बोटांची उणीव इथेच भरून निघते.

आणि हे फसतं कसं? लवकर निघालं तर. मग चेंडूच्या खाली आधीच पोहोचून थांबावं लागतं, वेग मरतो, आणि जागेवरून उडी घ्यायची वेळ आली की उंच माणूसच जिंकतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं, कारण गोल दिसला की पाय ऐकत नाहीत. हवेत गेल्यावर हात तोल सांभाळायला पसरावे लागतात. कोपर खांद्याच्या वर गेलं की शिट्टी वाजते. मान मागे घेऊन झटक्याने पुढे आणायची, डोळे उघडे ठेवायचे आणि कपाळ चेंडूच्या वरच्या भागावर मारायचं, म्हणजे चेंडू खाली जातो. गोलकीपरला छातीच्या उंचीवरचा चेंडू सोपा, पायाशी टप्पा पडलेला अवघड. कपाळ चेंडूच्या खालच्या भागाला लागलं तर २.४४ मीटरवरचा आडवा खांबही कमी पडतो.

एव्हर्टनचे तेव्हाचे मॅनेजर डेव्हिड मॉईस यांनी संघ या धावेभोवती बसवला होता. पुढे बहुतेकदा एकच स्ट्रायकर. तो सेंटर-बॅकना गुंतवून ठेवणार, आणि मागून केहिल येणार. आर्तेता आणि लेटन बेन्स यांच्यासारखे चेंडू मोजून टाकणारे पाय सोबतीला होते. क्रॉस देणाराच कच्चा असता तर या धावेला काडीची किंमत नव्हती, हेही सांगून टाकलेलं बरं.

आता मागे जाऊ. जन्म सिडनीतला, ६ डिसेंबर १९७९. वडील इंग्लिश, आई सामोअन. १९९७ मध्ये पोरगा इंग्लंडला नातेवाइकांकडे राहायला गेला आणि मिलवॉलने त्याला करारबद्ध केलं. दक्षिण लंडनचा हा क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. मे १९९८ मध्ये पहिला सामना, २००१ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत. मिलवॉलसाठी लीगमध्ये २१७ सामने, ५२ गोल.

क्लबमध्ये सगळं सुरळीत, देशासाठी मात्र दार बंद. १९९४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो सामोआच्या २० वर्षांखालील संघाकडून न्यूझीलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला होता. त्या काही मिनिटांमुळे फिफाच्या लेखी तो सामोआचा झाला. ऐन उमेदीची वर्षं यात गेली. अखेर जानेवारी २००४ मध्ये नियम शिथिल झाला आणि केवळ वयोगटात खेळलेल्यांना देश बदलायची मुभा मिळाली.

पुढचे काही महिने पाहा. मार्चमध्ये लंडनलाच, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ऑस्ट्रेलियासाठी पदार्पण. एप्रिलमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, संडरलँडविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केहिलचा. मेमध्ये अंतिम सामना, मँचेस्टर युनायटेडकडून ०-३ अशी हार. जुलैत एव्हर्टन. सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध एव्हर्टनसाठी पहिला गोल, आनंदाच्या भरात जर्सी डोक्यावर ओढली, दुसरं पिवळं कार्ड, मैदानाबाहेर. एव्हर्टन १-० ने जिंकलं म्हणून निभावलं. कॉर्नरच्या झेंड्याशी बॉक्सिंग करण्याची त्याची लकब पुढे प्रसिद्ध झाली. तिला कार्ड मिळत नाही.

१२ जून २००६, जर्मनीतलं कायझर्सलाउटर्न, विश्वचषकात ऑस्ट्रेलिया विरुद्ध जपान. जपान १-० ने पुढे. ५३ व्या मिनिटाला केहिल बदली म्हणून आला. ८४ व्या मिनिटाला लुकास नीलचा लांब थ्रो, जपानचा गोलकीपर पुढे येऊन चुकला, झटापटीतून चेंडू केहिलच्या पायाशी, गोल. विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचा हा पहिलाच. ८९ व्या मिनिटाला दुसरा, खांबाला लागून आत. हेडर एकही नाही! पण जागा तीच, गर्दीच्या मागची.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात आला आणि युरोपात खेळणाऱ्यांचा प्रवास वाढला. शनिवारी इंग्लंडमध्ये सामना, मग सुमारे १७,००० किलोमीटर, जवळजवळ दिवसभराचं विमान, नऊ ते अकरा तासांचा वेळेचा फरक, आठवड्याच्या मध्यात सिडनी किंवा मेलबर्नला देशासाठी सामना, आणि पुन्हा उलटा प्रवास. झोप बिघडते, पोटऱ्या आणि मांडीचे स्नायू आखडतात, आणि पुढच्या शनिवारी मॅनेजर बेंचवर बसवतो. मॅनेजरलाही दोष देता येत नाही.

सगळंच गोड नव्हतं. २००७ मध्ये पायाचं हाड मोडलं. २००९ च्या एफए कप उपांत्य फेरीत शूटआउटची पहिली पेनल्टी त्याने बारवरून मारली; एव्हर्टन तरी जिंकलं. अंतिम सामन्यात चेल्सीने १-२ असं हरवलं. आठ वर्षं एव्हर्टनला देऊन २०१२ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला.

ऑस्ट्रेलियासाठी १०८ सामन्यांत ५० गोल, तीन वेगवेगळ्या विश्वचषकांत गोल. शेवटचा क्लब आपल्याकडचा, जमशेदपूर एफसी, २०१८-१९ चा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगाम. केरला ब्लास्टर्सविरुद्ध कॉर्नर आला. केहिल ३८ वर्षांचा होता. गोल हेडरने.