पुढचं पान

(कीबोर्ड, अगदी जवळून. स्पेस बारच्या खाली दोन जास्तीची बटणं. अंगठा एकावर येऊन थांबतो.)

या यंत्राला माउस नाही. हरवलेला नाही, तो मुळात नव्हताच. 'कॅनन कॅट' नावाचा हा संगणक, साल १९८७. नऊ इंची पडदा, आणि स्पेस बारच्या खाली अंगठ्यांसाठी दोन बटणं. त्यांचं नाव 'लीप', म्हणजे उडी.

बटण दाबून धरायचं. जो शब्द गाठायचाय त्याची दोन-तीन अक्षरं टाइप करायची. कर्सर तिथे पोचलेला असतो. बटण सोडलं की लिहायला मोकळे. फाइल उघडणं नाही, फाइलला नाव देणं नाही. सगळा मजकूर एकाच लांबलचक पट्टीसारखा.

(तीच उडी, संथ गतीत. एकदा. पुन्हा एकदा.)

हे यंत्र जेफ रास्किन यांच्या डोक्यातून आलेलं. १९७९ साली ॲपलमध्ये मॅकिंटॉश या संगणकाचं काम सुरू केलं ते यांनीच. सफरचंदाच्या एका जातीवरून त्याला नाव दिलं तेही यांनीच. १९८२ मध्ये ते ॲपलमधून बाहेर पडले. मॅकिंटॉश बाजारात आला १९८४ मध्ये, त्यांनी योजला होता त्याहून बराच वेगळा होऊन. त्याच वर्षी त्यांच्या घरी मुलगा जन्मला. एझा.

गोष्ट या मुलाची आहे. पण दोन बटणं आधी दाखवल्याशिवाय ती सांगता येत नाही.

(कॅप्स लॉकचं बटण. हिरवा दिवा लागतो. पासवर्ड चुकतो.)

हा वैताग सगळ्यांच्या ओळखीचा. कॅप्स लॉक एकदा दाबलं की चालूच राहतं, आणि चालू आहे हे आपण विसरतो. जेफ यांचा राग नेमका यावर होता. यंत्र कुठल्या अवस्थेत आहे हे माणसाने का लक्षात ठेवायचं? त्यापेक्षा बटण दाबून धरलंय तोवर एक अवस्था, सोडलं की संपली. बोटाला जाणवत राहतं, त्यामुळे डोक्याला आठवण ठेवावी लागत नाही. शिफ्टचं बटण असंच तर चालतं.

(जुना विंडोज संगणक. कॅप्स लॉकवर करंगळी. पडद्यावर अर्धपारदर्शक पट्टी उमटते.)

आणि हा 'एन्सो', एझाच्या कंपनीचा विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम. जानेवारी २००७. एझा शिकागो विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकला होता. २००५ मध्ये, म्हणजे वडील गेले त्याच वर्षी, त्याने मित्रांबरोबर शिकागोत कंपनी काढली. नाव 'ह्यूमनाइज्ड'.

नीट पाहा, बटण तेच आहे, बदनाम कॅप्स लॉक. ते दाबून धरा, 'ओपन' आणि प्रोग्रॅमचं नाव टाइप करा, सोडा. प्रोग्रॅम उघडला. लिहिता लिहिता एखादी बेरीज आली? ती निवडा, कॅप्स लॉक धरून 'कॅल्क्युलेट' म्हणा, सोडा. बेरजेच्या जागी उत्तर. लिहायची जागा सोडून कुठे जावं लागलं नाही. वडिलांची उडी मुलाने दुसऱ्यांच्या यंत्रात, सगळ्यांत नकोशा बटणात नेऊन बसवली. आमच्या मते त्याची सगळ्यांत सुरेख करामत हीच.

(इशाऱ्याची चौकट: 'नक्की डिलीट करायचं?' माउस न थांबता 'हो'वर. मग चरफडणारा चेहरा.)

२००७ मध्येच त्याने एक लेख लिहिला. म्हणणं एवढंच, की जिथे 'अनडू', म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय, देता येतो तिथे इशारा देऊ नका. चौकट रोज दिसते, म्हणून ती वाचली जात नाही. हाताला 'हो' दाबायची सवय लागते. चूक लक्षात येते ती दाबल्यानंतर. मग मदतही दाबल्यानंतरच हवी.

त्याचं सगळं काम या एका धाग्यावर चाललेलं दिसतं. माणसाची सवय ओळखायची आणि तिच्या आड यायचं नाही.

(वेबपानाचा तळ. एक, दोन, तीन, चार… आणि 'पुढचं पान'.)

हे आकडेसुद्धा त्याला आडवे येत होते. २००६ सालची गोष्ट. वाचणारा तळापर्यंत आला, म्हणजे त्याला आणखी हवंय. मग त्याला मागायला का लावायचं? तळ जवळ येतोय हे पानातली स्क्रिप्ट ओळखते, सर्व्हरकडून पुढचा तुकडा मागवते आणि पानाच्या शेपटीला जोडून देते. पान नव्याने लोड होत नाही. या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव आदल्याच वर्षी मिळालं होतं. असले प्रयोग तेव्हा आणखीही काही जण करत होते, पण 'इन्फिनिट स्क्रोल' म्हटलं की नाव घेतलं जातं ते एझाचं.

(अंगठा. काचेवर वर सरकणारा. दुसरा अंगठा. तिसरा. खोलीतला दिवा बंद, चेहऱ्यावर निळा उजेड. निवेदन नाही.)

२००८ च्या सुरुवातीला फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने ह्यूमनाइज्डच्या मंडळींना कामावर घेतलं. तिथलं एक काम मात्र पाहण्यासारखं आहे.

(फायरफॉक्स ४. उघडलेले टॅब लहान होऊन टेबलावरच्या पत्त्यांसारखे पसरतात. माउसने त्यांचे गठ्ठे होतात.)

'पॅनोरामा'. डझनभर टॅब उघडे असले की कुठला कुठे ते कळत नाही. म्हणून ते पसरायचे, आणि कामाचे एका गठ्ठ्यात, प्रवासाचे दुसऱ्यात ठेवायचे. २०११ मध्ये आलं, २०१६ मध्ये फायरफॉक्समधून काढलंही गेलं. ब्राउझर आजही टॅबचे गट करतात, पण असं पसरून बघण्यातली मजा त्यात नाही.

मधल्या काळात त्याने गाणी शोधून ऐकवणारं 'साँगझा' उभं केलं आणि विकलं. आरोग्यासाठी 'मॅसिव्ह हेल्थ' काढली, ती २०१३ मध्ये जॉबोन कंपनीने घेतली.

सरकणारा अंगठा पुढे काय करू शकतो, हे त्याने स्वतःच मांडलं. जगभरात रोज दोन लाख माणसांची अख्खी आयुष्यं भरतील इतका वेळ यात जातो, असा त्याचा अंदाज. २०१८ मध्ये 'सेंटर फॉर ह्यूमेन टेक्नॉलॉजी' ही माणसाच्या हिताच्या तंत्रज्ञानासाठीची संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता.

(कॅनन कॅट. अंगठा 'लीप'वर. उडी. अंगठा उचलला जातो. कर्सर लुकलुकतो, जागच्या जागी.)

जून २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या निकालांतली आपोआप वाढणारी यादी काढायला सुरुवात केली. पश्चात्ताप म्हणून नाही. निकाल लवकर दाखवता यावेत म्हणून. आधी संगणकावर, मग मोबाइलवर. संगणकावर तळाशी आकडे परत आले.

(एक, दोन, तीन… कर्सर 'पुढील'वर येतो. क्लिक होत नाही.)