कुईकुईचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीचा आवाज नुसता सांगून कळत नाही, तोंडाने काढून दाखवावा लागतो. चांगला धडधाकट माणूस गॅरेजमध्ये उभा राहून ‘कुई... कुई’ करत असतो आणि गाडीने नेमकं त्याच वेळी मौनव्रत धरलेलं असतं. माझंही तेच झालं. गतिरोधकावरून सावकाश जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून झोपाळ्याच्या सुक्या कडीसारखा आवाज यायचा. मेकॅनिक म्हणाला, शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारे दांडे, गेले. हे जोडीनेच बदलायचे असतात, म्हणून दोन्ही बदलले. पैसे गेले, आवाज राहिला.

एके दिवशी गाडी धुतली. चाकांच्या आत, वर, सगळीकडे पाण्याची नळी मारली आणि फेरी मारायला निघालो. आवाज गायब! दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

कुईकुई होते कशी, तर दोन सुकी अंगं एकमेकांवर घासताना क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. फक्त तिथे आपण टाळ्या वाजवतो. मध्ये पाणी आलं की चिकटणं कमी होतं आणि आवाज बसतो. खडखड किंवा ठकठक असती तर ती पाण्याने गेली नसती. तो ढिलेपणाचा आवाज, कुठेतरी फट पडल्याचा. म्हणून माझ्या मते, पार्ट बदलण्याच्या आधी आवाजाची जात ओळखावी.

आधी साधे संशयित मोकळे करायचे. डिकी रिकामी करा, स्टेपनी घट्ट आहे का बघा, सीटवरचं वजन बदलून पाहा. चाकाच्या फिरण्याबरोबर आवाज भरभर होत असेल आणि ब्रेकला हलका पाय लावताच थांबत असेल, तर सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या, वाटेला जाऊ नका, ब्रेक पॅड बघा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टण्ण’ होत असेल, तर स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाच्या, वरच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. अशा वेळी दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून आपण स्प्रिंगला वरच्या बाजूला हलकेच बोट लावायचं. स्प्रिंग अडकून एकदम सुटते ते बोटाला कळतं. वेटोळ्यांच्या मधे मात्र बोट घालू नका.

आता खरी शोधाशोध. गाडी सपाट जागी उभी करायची आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, म्हणजे चाकामागची जागा दिसते. इंजिन बंद. एकाने बॉनेटच्या कोपऱ्यावर, फेंडरच्या मजबूत भागावर जोर देऊन गाडी खालीवर हलवायची, दुसऱ्याने ऐकायचं. नुसत्या कानावर भिस्त ठेवू नका. लोखंडातून आवाज भलतीकडे पोचतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका जोडावर टेकवायचं आणि मूठ कानाजवळ धरायची. आणि हे बाहेरून, चाकाच्या बाजूने. कोणी गाडी दाबत असताना खाली शिरायचं नाही, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर कधीच नाही.

माझ्या हाताशी साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली होती. चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशवर, म्हणजे जोडातल्या रबरी अस्तरावर, मारलं, गाडी हलवली: कुई. लिंक रॉडच्या, म्हणजे सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांड्याच्या, टोकांवर मारलं: कुई. मग स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा दांडा, जिथे चेसिसला, गाडीच्या सांगाड्याला, रबरी बुश आणि पट्टीने धरलेला असतो, तिथे मारलं. गाडी हलवली. काही नाही. पुन्हा हलवली. काही नाही! बायको म्हणाली, ‘आता हात दुखायला लागले, सापडलं असेल तर सांगा.’

पट्टी सोडून बुश काढलं. बाहेरून ठणठणीत. आतून मात्र एका कडेला रबर काचेसारखं चकचकीत झालेलं, आणि खाचेत पिठाइतकी बारीक वाळू. एवढीशी वाळू आत शिरली आणि बार घासायला लागला. जागा साफ करून नवीन बुश बसवलं, दोन्ही बाजूंना. माझ्या गाडीचं बुश बार आतून सरकणाऱ्या जातीचं होतं, म्हणून सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियमचं ग्रीस नैसर्गिक रबराला लावलं तर रबर फुगतं आणि मऊ पडतं. आवाज आठवडाभर थांबतो, पण बुश जातं. बारला चिकटवलेलं बुश असेल तर सिलिकॉन ग्रीसही नको. तिथे रबराने पिळायचं असतं, घसरायचं नसतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. पाणी मारल्यावर आवाज बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाला वळू आणि खालीवर होऊ देणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचा, निघाला, तर ग्रीस फासून विषय मिटवू नका. त्याचं रबरी टोपण फाटलं की आतलं ग्रीस जातं, पाणी आणि धूळ शिरते, गोळा झिजतो. पार झिजलेला जॉइंट निखळला की चाक आपल्या ताब्यात राहत नाही. त्या दिवशी गाडी थेट गॅरेजला.

आणि लोअर आर्मची बुशं बदलायची वेळ आलीच, तर बोल्ट गाडी टांगलेली असताना पूर्ण आवळून घेऊ नका. आधी चाकं जमिनीवर टेकवून गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ द्या, मग शेवटचा पाना फिरवा. नाहीतर गाडी खाली उतरताच बुश पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

नमस्कार.