पहाटे चारला उठवणारी बाई

(अंधार. पंख्याची घरघर. लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय.)

"किती वाजले रं?"

शिवाजी पेठ, कोल्हापूर. आमच्या घरात हा प्रश्न रात्रीतून तीन-चारदा विचारला जातो. विचारणारी आज्जी. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. उत्तर देणारा मी, पलीकडच्या खोलीतला. पहिल्यांदा दीड वाजलेला असतो, मग पावणेतीन, मग साडेतीन. अंबाबाईची काकड आरती चुकेल, एवढी एकच धास्ती तिला. माझ्या आठवणीत तोवर ती कधी चुकलेली नव्हती.

तिच्या उशाशी चावीचं टाइमपीस असायचं, डोक्यावर घंटा असलेलं. गेल्या पावसाळ्यात त्याची स्प्रिंग गेली. मोबाइलचा गजर लावून दिला, तर तो बंद करायला चष्मा शोधावा लागतो. चष्मा सापडेपर्यंत अख्खी गल्ली जागी. म्हणून आवाजावर चालणारं घड्याळ घ्यायचं ठरलं. आज्जीच्या सोयीसाठी घेतोय, असं घरात सांगितलं. खरं कारण माझी झोप.

(न्यू पॅलेसचा मनोरा, सकाळचं ऊन.)

या गावाला वेळ सांगणारी घड्याळं पूर्वी सगळ्यांची मिळून असायची. १८८४ साली न्यू पॅलेस बांधून पूर्ण झाला, त्याच्या मनोऱ्यावरचं हे घड्याळ. आणि घड्याळ दिसत नसेल त्याच्यासाठी भोंगा. शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेल्या शाहू मिलचा भोंगा झाला की कामगार डबा उचलायचे आणि बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या, असं आज्जी सांगते. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली. पहाटेचं कोल्हापूर मात्र अजून तसंच उठतं. तालमीत पोरं लंगोट कसतात, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येतात, रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांच्या चपला वाजायला लागतात.

मनोऱ्यावरचं घड्याळ आपण बघायचो. भोंगा आपण ऐकायचो. आता जे घड्याळ आणायचं होतं, ते आपलं ऐकणार होतं. तेही झोपायच्या खोलीत.

(राजारामपुरी. दुकानांच्या पाट्या, गर्दी.)

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. ॲमेझॉननं आपला बोलका स्पीकर २०१४ मध्ये अमेरिकेत काढला, भारतात तो २०१७ मध्ये आला. गूगलचा त्यानंतर, २०१८ मध्ये. आता काउंटरवर तीन जाती मांडलेल्या होत्या. नुसता स्पीकर, त्याला आकडे नाहीतच, वेळ विचारायची. दुसरा, अंगावर मोठे आकडे उमटणारा. तिसरा पडदेवाला, त्यात गाणी, चित्रं, व्हिडिओ कॉल आणि वरच्या कडेला बारीकसा कॅमेरा.

दुकानदाराचा जोर तिसऱ्यावर. "काका, मुंबईची नात रोज बघता येईल की आज्जींना." त्यानं मला काका म्हटलं, तिथंच त्याचा सौदा निम्मा बुडाला. उरलेला निम्मा कॅमेऱ्यानं बुडवला. त्याच्यावर झाकण सरकवता येतं, हे खरं. पण ज्या खोलीत माणूस लुगडं बदलतं, तिथं रोज झाकण लावायचं लक्षात कोण ठेवणार? व्हिडिओ कॉल सोप्यात बसूनही होतो.

पडद्याबद्दल आणखी एक. दुकानातल्या लख्ख ट्यूबलाइटखाली सगळे पडदे मंदच दिसतात. मी दोन्ही हातांची ओंजळ करून त्यावर धरली आणि आत डोकावलो. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक बिघडलं. पण अंधारात तो पडदा कसा दिसेल हे बघायला दुसरी सोय नव्हती. आपल्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांना निळसर उजेड, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, सगळ्यात जास्त जाणवतो. तो दिसला की मेंदूला वाटतं दिवस आहे, आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी व्हायला लागतं. पांढऱ्या-निळ्या आकड्यांपेक्षा लालसर किंवा नारिंगी बरे, ते यासाठी. आणि खोलीत अंधार पडला की आकडे आपणहून मंद झाले पाहिजेत. रात्री तीनला आज्जीनं ॲपमध्ये जाऊन उजेड कमी करावा, ही अपेक्षा कंपनीनं कुणाच्या आज्जीकडून केली असेल, देव जाणे.

आकडेवाला घेतला. पाच हजारांच्या आसपास.

(घर. पलंगाशेजारी लाकडी स्टूल, त्यावर नवं घड्याळ.)

आता भाषेची गंमत. घड्याळ आणलं त्या दिवशी आज्जी त्याच्यासमोर बसली आणि पदर सारखा करून म्हणाली, "चारला उठीव गं बाई."

काही नाही.

"चारला उठीव म्हन्ते न्हवं!"

तरी काही नाही. आज्जी माझ्याकडं वळली. "भैरी हाय काय ही?"

बहिरी नव्हती. या यंत्राला एक नाव असतं, आणि ते नाव आधी घ्यावं लागतं. तोवर त्याचा माइक चालू असतो, पण तो फक्त त्या एका नावाची वाट बघत असतो, आणि ते काम यंत्राच्या आतल्या आत चालतं. नाव कानावर पडलं की दिवा लागतो, आणि त्यापुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडं जातं. तिथं अर्थ लागतो, उत्तर परत येतं. आता मराठी माणूस काय करतो? आधी काम सांगतो आणि मग हाक मारतो. "पाणी आण गं सुमे." "जरा सरक की रं बाळ्या." यंत्रानं नाव ऐकेपर्यंत आज्जीचं सांगून झालेलं. त्यात कंपनीनं दिलेलं नाव तिच्या तोंडात बसेना, तिनं आपलं 'बाई' ठेवलं. मोजक्या चार-पाच नावांतलंच एखादं निवडायची मुभा असते. 'बाई' त्यात नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. गूगलचा असिस्टंट २०१८ पासून मोबाइलवर मराठीत बोलतो. ॲमेझॉनच्या स्पीकरमधली अलेक्सा २०१९ पासून हिंदीत. पण घरात ठेवायचे हे स्पीकर घ्यायला गेलं, तर भारतात इंग्रजी आणि हिंदी याच भाषांवर भागवावं लागतं. दुकानदारानं "मराठी कळतंय की" असं छातीठोक सांगितलं होतं. त्याला मराठी गाणी लागतात, असं म्हणायचं होतं बहुतेक. घ्यायच्या आधी दुकानातच, आपल्या माणसाला आपल्या तोंडानं बोलायला लावायचं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

मग आज्जी कंपनीनं दिलेलं नाव कसंबसं आधी घेऊन हिंदीत उतरली. "सुबे चार बजे मेरेको उठाव." कोल्हापुरी हिंदी, सगळं व्याकरण उताणं. आणि बाईला ते कळलं! चार वाजताचा गजर लावल्याचं तिनं गोड आवाजात सांगितलं. आज्जीनं विचारलं, "काय म्हणालीय ही?" आधीच्या दोन खेपेला 'सुबे' राहिलं होतं, तेव्हा बाईनं सकाळचे चार की संध्याकाळचे, असं उलट विचारलं. त्यावर आज्जीचं उत्तर, "संध्याकाळी कशाला उठीन मी, येडी का खुळी?" हे मराठीत असल्यामुळं बाईपर्यंत पोचलं नाही.

पण आठवड्यात गाडी रुळावर आली. सगळ्यात जास्त वापर गजराचा झालाच नाही. रात्री दीडला पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचं, "टाइम क्या हुआ?" आणि कुणीतरी, मी सोडून, उत्तर द्यायचं. चष्मा न शोधता, दिवा न लावता. डोळे अधू असलेल्या माणसासाठी हे घड्याळ घ्यायचं असेल, तर माझ्या लेखी एवढं एक कारण पुरे आहे. बाकी हवामान, भजनं, बातम्या ही वरची चटणी.

(आज्जीचा कान, जवळून. मग घड्याळाची जाळी.)

गजराच्या आवाजाकडं मात्र आम्ही आधी दुर्लक्ष केलं. पहिल्या दिवशी ठरलेला टिंगटिंग सूर वाजला, मी उठलो, आज्जी झोपलेली. वय वाढतं तसं आधी उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. म्हणून स्वस्तातल्या गजराच्या घड्याळाची कर्कश पिपपिप म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्याला येते. धुराची सूचना देणाऱ्या घरगुती यंत्रांवर याचा अभ्यास झालाय. ३,१०० हर्ट्झच्या तीव्र सुरापेक्षा ५२० हर्ट्झचा जाडसर, खरखरीत सूर झोपलेल्या माणसाला जास्त खात्रीनं उठवतो, असं त्यात दिसलं. घड्याळाला स्पीकर असल्याचा इथं खरा फायदा. सूर बदलता येतो. आम्ही जाड आवाजाचा लावला. पंख्याच्या झोतातून घड्याळ बाजूला घेतलं, कारण वाऱ्याच्या आवाजात त्यालाही आपलं बोलणं नीट ऐकू येत नाही.

मी स्वतःसाठीही एक घ्यावं, असा मोह झाला होता. गजर झाला की तोंडानं 'स्नूझ' म्हणायचं, म्हणजे 'थोड्या वेळानं', की तो नऊ मिनिटं गप्प. झोपेतून सवड मागायचा हा नऊ मिनिटांचा रिवाज जुना आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक-टेलीक्रॉननं पहिल्यांदा तसलं बटण असलेलं घड्याळ विकायला काढलं, तेव्हापासूनचा. निदान त्या घड्याळापर्यंत हात तरी न्यावा लागायचा. आता डोळेही उघडायला नकोत. माझ्यासारख्यानं हे घड्याळ उशाशी ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. तालमीला जाणाऱ्या माझ्या भाच्याचा उपाय साधा आहे. त्याचा मोबाइल रात्री स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर असतो.

(पाऊस. पंचगंगा, घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या.)

आणि मग जुलै आला.

कोल्हापुरात जुलैमध्ये माणसं दोन आकडे पाठ म्हणतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. पूर नसला तरी वाऱ्यापावसात वीज जाते, आणि जायची तिची आवडती वेळ पहाटेची.

इथं दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला लागतात. नुसतं नेट गेलं, तर बोलणं बंद पडतं, पण आधी लावलेला गजर यंत्रात असतो, तो वाजतो. वीज गेली, तर बहुतेक यंत्रांत बॅटरीच नसते. आकडे गेले, बाई गेली, गजर गेला. चारच्या आधी वीज परत आली तर बरं. नाही आली, तर आरती चुकली.

एकदा चुकली. पहाटे तीन ते पाच वीज नव्हती, मीही गाढ झोपलेलो. आज्जी काही बोलली नाही. दिवसभर काही बोलली नाही, हे जास्त वाईट होतं.

दुकानदार म्हणाला, राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस घ्या. चालतो तोही, पण त्याचं व्होल्टेज आणि घड्याळाच्या ॲडॉप्टरवर लिहिलेलं व्होल्टेज जुळलं पाहिजे, पिन बसली म्हणून लावून चालत नाही. आणि मोठ्या पुरात तो किती तास टिकणार?

मी जुनं टाइमपीस पिशवीत घातलं आणि महाद्वार रोडला गेलो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "स्प्रिंग मिळंल. बाकी मशीन बेस्ट हाय. परवा या." जाड आवाजाची घंटा, वीज नको, नेट नको, रोज रात्री चावी देणं तेवढं आलं. ते आज्जी साठ वर्षं देत आलीय.

(रात्र. स्टुलावर दोन घड्याळं शेजारी शेजारी.)

माइकचं काय, असं शूटिंगच्या वेळी कुणीतरी विचारलं. घड्याळावर माइक बंद करायचं बटण आहे. ते दाबलं की लाल दिवा लागतो, गजर तरीही वाजतो, फक्त बोलता येत नाही. आधी बोललेलं काय काय साठवलंय ते ॲपमध्ये बघता येतं, पुसता येतं. मी महिन्यातून एकदा पुसतो. पुसायच्या आधी एकदा ऐकलं. चाळीस-पन्नास वेळा "टाइम क्या हुआ", आणि मधेच एकदा, चुकून दिवा लागला असावा, आज्जी आणि शेजारच्या काकू तांबड्या रश्श्यात खोबरं भाजून घालायचं की नुसतं, यावर भांडत होत्या. आज्जीला दाखवलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "मग बाई काय म्हणाली? भाजून ना?"

आता पहाटे चारला आमच्या घरात दोन गजर होतात. आधी टाइमपीस, कारण आज्जी ते पाच मिनिटं पुढं ठेवते. मग बाई. नव्या घड्याळालाही पाच मिनिटं पुढं कर, असा तिचा हट्ट होता. मी ॲप उलटंपालटं केलं. ते वेळ इंटरनेटवरून घेतं, त्याचे काटे आपल्या हातात नाहीत. हे तिला समजावून सांगितलं.

(काळोख. टाइमपीसची घंटा. थोड्या वेळानं दुसरा गजर.)

"मागं हाय गं तुझं घड्याळ," आज्जी लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत तिला सांगते, आणि दार ओढून घेऊन देवळाकडं निघते.