बॅटलशिप समोर आली, तर विमानवाहू नौका टिकेल का?

नमस्कार. मागच्या भागापासून आपल्यापैकी अनेक जण एकच प्रश्न विचारत आहेत: दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या यामातोसारखी बॅटलशिप आणि विमानवाहू नौका समोरासमोर आल्या, तर जिंकेल कोण? आपली वर्तमानपत्रे नौदलाच्या प्रत्येक जहाजाला 'युद्धनौका' म्हणतात आणि त्यातून बराच गोंधळ होतो, म्हणून जाड चिलखताच्या आणि प्रचंड तोफांच्या नौकेसाठी मी बॅटलशिप हाच शब्द ठेवतो.

समोरासमोर आल्या, तर विमानवाहू नौका बुडेल. ८ जून १९४० रोजी नॉर्वेजवळ हेच घडले. ब्रिटिशांची ग्लोरियस ही विमानवाहू नौका दोन विनाशिकांसह परतत होती, हवा स्वच्छ होती आणि तरीही तिचे एकही विमान गस्तीवर नव्हते. शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या जर्मन बॅटलशिपनी तिला सुमारे २४ किलोमीटरवरून टिपले; तिन्ही ब्रिटिश जहाजे बुडाली आणि दीड हजारांहून अधिक माणसे गेली. वर एक विमान घिरट्या घालत असते, तर शत्रू कितीतरी आधी दिसला असता.

म्हणून 'समोरासमोर' हा शब्दच मला खटकतो. यामातोच्या ४६ सेंटिमीटरच्या तोफा सुमारे ४२ किलोमीटरपर्यंत मारा करत, तर विमाने शेकडो किलोमीटरवर जाऊन हल्ला करत. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रातील लढाईत अमेरिकी आणि जपानी जहाजांनी एकमेकांना पाहिलेसुद्धा नाही.

हेच आता उलट्या बाजूने पाहा. ९ एप्रिल १९४२ रोजी श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ ब्रिटिशांची हर्मिस ही विमानवाहू नौका जपानी विमानांनी बुडवली. तिचा डेक धड होता, पण त्यावर एकही विमान नव्हते. एका प्रेक्षकांनी आपल्या जुन्या विक्रांतचे चिलखत किती जाड होते, असे विचारले आहे. ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना मी विमाने वर आणणाऱ्या लिफ्टपाशी बराच वेळ थांबलो होतो, कारण तिचे बळ त्या लिफ्टवरून वर येणाऱ्या सी हॉक आणि अलिझे विमानांत होते. १९७१ मध्ये बॉयलरच्या बिघाडामुळे तिचा वेग मर्यादित होता, तरी तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले.

यामातोचीही गत तीच झाली. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे निघालेल्या त्या नौकेवर स्वतःच्या विमानांचे छत्र नव्हते, आणि अमेरिकी विमानांनी बॉम्ब व पाणतीरांनी तिला सुमारे दोन तासांत बुडवले. डिसेंबर १९४१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश नौकांना जपानच्या विमानवाहू नौकांनी बुडवले, असे काही जण लिहितात. ती विमाने इंडोचायनातील धावपट्ट्यांवरून आली होती. विमान कोठून उडाले यापेक्षा, खाली असलेल्या जहाजांच्या डोक्यावर आपले विमान नव्हते, ही गोष्ट निर्णायक ठरली.

तरीही बॅटलशिप निरुपयोगी झाली, असे मी म्हणणार नाही. त्या काळी रात्री विमानांचा उपयोग फार थोडा होता. २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटेपूर्वीच्या अंधारात फिलिपीन्समधील सुरिगाव सामुद्रधुनीत अमेरिकेच्या सहा बॅटलशिप जपानी ताफ्याची वाट अडवून उभ्या होत्या, आणि त्यांपैकी पाच अशा होत्या, की ज्या १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानी विमानांच्या हल्ल्यात सापडल्या होत्या.